दोन चाइल्ड सीट आणि एक टर्बो

गेल्या वर्षी जून ते नोव्हेंबर या सहा महिन्यांत मी पुणे, पिंपरी-चिंचवड आणि नाशिक मिळून एकवीस जुन्या गाड्या बघितल्या. गाडी विकणारा माणूस आधी बॉनेट उघडतो. मी आधी मागचं दार उघडायचो. माझ्याकडे एक मेजरिंग टेप, एक टॉर्च, मोबाइलला जोडायचा छोटा ओबीडी स्कॅनर आणि खांद्यावर एक चाइल्ड सीट असायची. ती सीट आठ किलोची आहे. पार्किंगमधून ती उचलून नेताना मी स्पोर्टी गाडी घ्यायला आलेला माणूस वाटायचो नाही, हे मलाही कळायचं.

‘‘साहेब, इंजिनचा आवाज तरी ऐका,’’ वाकडचा एक एजंट वैतागून म्हणाला होता.

‘‘ऐकतो ना. आधी ही बसते का बघू.’’

ती बसली नाही. आवाज मात्र फार सुंदर होता. तो ऐकून मी घरी आलो आणि रात्री बारापर्यंत त्याच गाडीचे व्हिडिओ बघत बसलो.

*

मुळात हे वेड कुठून आलं, तर आमच्या गल्लीतल्या डॉक्टरांच्या फियाट पालिओतून. २००१ साली पालिओ आली. तिच्या जाहिरातीत सचिन होता, नंतर तर त्याच्या नावानं एस१० ही आवृत्तीही निघाली. डॉक्टरांची १.६ होती. शंभर हॉर्सपॉवर. आमच्या घरी बाबांची बजाज चेतक. मी पुढे उभा, हँडलच्या मधल्या भागाला धरून. ताई मागे, आईबाबांच्या मध्ये दाबलेली. डॉक्टर गल्लीतून वळून बाहेर पडायचे तेव्हा पालिओचा आवाज जरा घोगरा व्हायचा आणि मी चेतकवर उभा राहून तोंडानं तो काढायचो. बाबा म्हणायचे, ‘‘पेट्रोल पिते ती. डॉक्टरला परवडते.’’

मला आता परवडू शकत होती. पालिओ नाही, पण तिच्या जातीची एखादी. मी एकोणतीस वर्षांचा आहे. सात वर्षं बॅकएंडचा कोड लिहितोय. घराचा हप्ता चालू आहे, पण त्यानंतरही थोडे उरतात. नवीन, खरीखुरी स्पोर्ट्स कार हे आमच्या पगारात बसणारं प्रकरण नाही. जुन्या गाड्यांच्या बाजारात मात्र एक गंमत आहे. दहा वर्षांपूर्वी ज्यांनी हौसेनं दमदार गाड्या घेतल्या, त्या गाड्या आता निम्म्याहून कमी किमतीत मिळतात.

फक्त तोवर आम्ही पाच जण झालो होतो. मी, बायको, साडेतीन वर्षांची लेक, आठ महिन्यांचा मुलगा, आणि बाबा गेल्यापासून आमच्याकडे असणारी आई. आईच्या गुडघ्यांचं दुखणं जुनं आहे, त्यामुळे पुढची डावी सीट तिची. हा आमच्या घरातला अलिखित नियम आहे.

*

मेमध्ये मी हा विषय पहिल्यांदा काढला, तेव्हा बायको धाकट्याला भरवत होती. मी तिला आकडे सांगितले. किती बीएचपी, किती सेकंदांत शंभर. ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, ‘‘त्या दिवशी तू नव्वदला होतास. मी मीटर बघितला होता.’’

कुठला दिवस, हे विचारायची गरज नव्हती.

दोन वर्षांपूर्वीचा रविवार. आम्ही साताऱ्याहून, तिच्या माहेराहून येत होतो. कात्रजचा नवा बोगदा संपला की नवले पुलापर्यंत लांब उतार आहे. पुण्यातल्या प्रत्येकाला तो माहीत आहे. पेट्रोल-डिझेल वाचवायला न्यूट्रलवर उतरणारे ट्रक आणि त्यांचे अपघात दर काही महिन्यांनी बातम्यांत असतात. लेक तेव्हा दीड वर्षाची. बायको मागच्या सीटवर मधोमध, लेक तिच्या मांडीवर झोपलेली. एक टेम्पो अचानक आमच्या लेनमध्ये आला. मी ब्रेक मारला. गाडी थांबली, कुठे धडकलीही नाही. पण लेक बायकोच्या हातातून सुटली आणि माझ्या सीटच्या मागच्या बाजूला आपटली. डावी भुवई फाटली. चार टाके.

त्यानंतर मी सगळ्यांना एकच गोष्ट सांगत आलो. आईला, सासऱ्यांना, ऑफिसात, टाके घालणाऱ्या डॉक्टरांना. ‘टेम्पोवाल्यानं इंडिकेटर न देता लेन बदलली.’ हे खरंच आहे. बायको प्रत्येक वेळी शेजारी असायची आणि काही बोलायची नाही. मला वाटायचं, तिचंही तेच मत आहे.

‘‘आणि मी बेल्ट लावला नव्हता,’’ ती पुढे म्हणाली. ‘‘ते माझं. पण नव्वद तुझं.’’

त्या रात्री मी ते गणित केलं. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षालाही लागत नाही, अकरावीचं गणित आहे. ताशी ९० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २५ मीटर. पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद धरला, तर गाडी २५ मीटर पुढे गेलेली असते. त्यानंतर कचकचून ब्रेक लावला तर सपाट, कोरड्या रस्त्यावर आणखी साधारण ४० मीटर. एकूण ६५. हेच ६० च्या वेगानं असतं तर १७ आणि १७, म्हणजे ३४. टेम्पो माझ्यापुढे बऱ्यापैकी लांब होता. मी ६० वर असतो तर कचकचून ब्रेक मारावाच लागला नसता. उतारावर तर हा फरक आणखी वाढतो.

मग दुसरं गणित. नुसत्या जोरदार ब्रेकला दहा किलोच्या मुलाला धरून ठेवायला साधारण आठ किलोचा जोर लागतो. आई स्वतः बेल्टशिवाय पुढे सरकत असेल तर तेवढाही लागत नाही. आणि ५० च्या वेगानं खरोखर कुठे आदळलो, गाडीचं नाक चेपून सगळं साठेक सेंटिमीटरमध्ये थांबलं, तर तेच मूल दीडशे किलोपेक्षा जास्त जोरानं पुढे खेचलं जातं. दीडशे किलो कुणाची आई हातांनी धरणार? ‘मांडीवर सुरक्षित आहे’ असं आपण म्हणतो, त्याला या आकड्यांपुढे काही अर्थ राहत नाही.

लहान मुलांना बेल्ट किंवा चाइल्ड सीटशिवाय नेणं हा आपल्याकडे गुन्हाही आहे. २०१९च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात कलम १९४ बी आलं, चौदा वर्षांखालच्या मुलासाठी हजार रुपये दंड. तो उतार उतरताना मला हे माहीत नव्हतं. माहीत असतं तरी मी पाळलं असतं का, कुणास ठाऊक. लेक दीड वर्षाची होईपर्यंत आमच्याकडे चाइल्ड सीटच नव्हती. अकरा हजारांचा मेकॅनिकल कीबोर्ड होता.

*

बायकोनं ‘नाही’ म्हटलं नाही. तिनं तीन अटी घातल्या.

एक, दोन्ही चाइल्ड सीट नीट बसल्या पाहिजेत, कुणाचेही गुडघे डॅशबोर्डला न लागता. दोन, गाडीची सुरक्षा तू स्वतः तपासायचीस, विकणाऱ्याच्या तोंडावर जायचं नाही. तीन, गाडी मीपण चालवणार.

तिसऱ्या अटीला मी सहज ‘हो’ म्हणून टाकलं. पहिलीतच इतकं काम आहे हे तेव्हा माहीत नव्हतं.

दोन दारांच्या गाड्या पहिल्याच दिवशी बाद झाल्या. जगात अशा गाड्यांतही मागे बसायची सोय असते; पोर्शे ९११ ला तर पहिल्यापासून मागे दोन चिमुकल्या सीट आहेत. पण ती आमच्या जगातली गाडी नाही, आणि पुढची सीट वाकवून, कंबर मोडून बाळाला आत सरकवणं ही रोज सकाळी पावणेनऊला पाळणाघर गाठायच्या गडबडीत करायची गोष्ट नाही. बाळाला पुढच्या सीटवर ठेवू म्हटलं, तर तेही नाही. मागे तोंड करून बसवायची सीट चालू एअरबॅगसमोर कधीच लावायची नसते. एअरबॅग उघडली तर ती थेट बाळाच्या डोक्यामागच्या भागावरच आदळते.

मागे तोंड का? आठ महिन्यांच्या मुलाचं डोकं शरीराच्या मानानं मोठं आणि जड असतं, मान कच्ची. समोर धडक झाली की मागे तोंड करून बसलेल्या बाळाचं डोकं, मान, पाठ हे सगळं सीटच्या पाठीत एकसारखं दाबलं जातं. पुढे तोंड असेल तर धड पट्ट्यांत अडकतं आणि डोकं झटक्यानं पुढे जातं. युरोपच्या नव्या नियमांत किमान पंधरा महिन्यांपर्यंत मागेच तोंड ठेवायला सांगितलंय. पण अशी सीट तिरकी असते, त्यामुळे लांबीला जास्त जागा खाते. अडचण नेमकी इथे सुरू होते, कारण स्पोर्टी हॅचबॅक मागच्या सीटच्या लांबीतच कंजूषपणा करतात.

माझं पहिलं प्रेम होतं फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय. चाकणची, म्हणजे जवळजवळ आमच्या गावचीच. १.२ लिटरचं छोटं टर्बो इंजिन, १०५ पीएस, सात गिअरचा डीएसजी. २०२२ मध्ये आपल्याकडे पोलोचं उत्पादन थांबलं, तेव्हा माझ्या ओळखीत दोघांनी चक्क स्टेटस ठेवलं होतं. चालवायला अशी की सिग्नलवरून निघताना आपोआप हसू येतं. धाकट्याची सीट मागे डावीकडे लावली आणि पुढची सीट तिला जागा होईपर्यंत सरकवली. बायको पुढे बसली. तिचे गुडघे ग्लोव्ह बॉक्सला टेकले. ती पाच फूट दोन इंच आहे. आईला तिथे बसवायची कल्पनाच नको. बायको काही न बोलता उतरली आणि मला वाईट वाटू नये म्हणून म्हणाली, ‘‘रंग छान होता.’’

मग अबार्थ पुंतो. रांजणगावला बनलेली, विंचवाचं चिन्ह, १.४ टर्बो, १४५ हॉर्सपॉवर, चारही चाकांना डिस्क ब्रेक. २०१५ साली दहा लाखांच्या आत एवढी ताकद दुसरी कुणी देत नव्हतं. मी बघितलेली गाडी एका मुलाची होती. त्यानं तिला इतकं जपलं होतं की विकताना त्याचेच डोळे भरून आले. पण फियाटनं इथला कारभार आवरलाय, पार्ट शोधत फिरावं लागणार. मागची जागा पोलोइतकीच. त्या मुलाला मी म्हणालो, तू विकू नकोस. त्यानं खरंच तीन दिवसांनी जाहिरात काढून टाकली.

*

ऑगस्टमध्ये एक लाल हॅचबॅक जवळजवळ घेतलीच होती. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण दोष गाडी बनवणाऱ्याचा नव्हता. दोन्ही चाइल्ड सीट कशाबशा बसत होत्या. चालवायला तिखट. एजंट म्हणाला, ‘‘सर, एकदम नॉन-ॲक्सिडेंट. आईशप्पथ.’’ मी टोकनचे दहा हजार पाठवायला फोन हातात घेतला आणि मग दुसरी अट आठवली.

ही तपासणी सांगून ठेवतो, कुणाला उपयोगी पडेल. इग्निशन चालू केल्यावर डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा लागला पाहिजे आणि काही सेकंदांनी आपोआप विझला पाहिजे. लागलाच नाही, तर कुणीतरी तो बंद केलाय असं समजायचं. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढायचा. खालच्या टोकाला लेबल असतं, त्यावरची तारीख गाडीच्या जन्मतारखेशी जुळते का बघायची. टायरवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. गालिचा उचलून खालचा फोम हातानं दाबायचा, ओल किंवा चिखल लागला तर गाडी पाण्यात राहिलेली असू शकते. हौशी लोकांच्या गाडीत आणखी एक. इंजिनचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवलीय का, ते विचारायचं आणि उत्तरावर लगेच विश्वास ठेवायचा नाही.

लाल गाडीत दिवा लागला, विझलाही. पण इतर दिव्यांबरोबर, अगदी त्याच क्षणी. डावीकडच्या डॅशबोर्डवर टॉर्च मारली तर एअरबॅगच्या झाकणाच्या कडेला गोंदासारखी बारीक रेघ होती. पुढच्या दोन्ही बेल्टची लेबलं गाडीपेक्षा तीन वर्षांनी तरुण. ओळखीच्या मेकॅनिकला बोलावलं. त्यानं पंधरा मिनिटांत सांगितलं: हिच्या एअरबॅग उघडून झाल्यात, आत काही नाही, दिव्याला दुसरीकडून वायर जोडलीय. एजंट म्हणाला, ‘‘सर, आम्हालाच मागच्यानं फसवलं असेल.’’

घरी येताना मी स्कूटर बाजूला थांबवून पाच मिनिटं नुसता उभा होतो. त्या गाडीचं मागचं सीट मला डोळ्यांसमोर दिसत होतं, त्यात दोघं बसलेली.

*

ऑक्टोबरअखेर नाशिकला एक गाडी मिळाली. २०१६ची स्कोडा ऑक्टाव्हिया, १.८ टीएसआय. करडा रंग. दिसायला एकदम बँकेतून निवृत्त झालेल्या काकांची गाडी, आणि खरोखर तशाच काकांची होती. पहिलेच मालक, ६२ हजार किलोमीटर, सगळी बिलं प्लॅस्टिकच्या फाइलमध्ये तारखेनुसार. आणि त्या साळसूद बॉनेटखाली १८० पीएस. शंभरचा वेग आठ सेकंदांच्या आत. स्पोर्ट्स कार म्हणून कुणी दाखवणार नाही, पण माझ्या डोक्यातल्या पालिओला ती सहज मागे टाकेल.

मी मागचं दार उघडलं. सीटच्या फटीत दोन बोटं घातली आणि दोन्ही बाजूंना आयसोफिक्सच्या लोखंडी कड्या हाताला लागल्या. लेकीची सीट ‘टक्’ आवाज करून अडकली. धाकट्याची मागे तोंड करून बसली. पुढच्या सीटवर मी स्वतः बसलो, पाच फूट दहा इंच, आणि गुडघ्यांपुढे जागा उरली. डिकी ५९० लिटरची, मागची काच झाकणासकट वर उचलली जाते. बाबागाडी न घडी करता आत गेली.

काका हे सगळं पायरीवर बसून बघत होते.

‘‘पोरं किती?’’

‘‘दोन.’’

‘‘आमची या सीटवर बसायच्या वयाची होती तेव्हा आमच्याकडे लुना होती,’’ ते म्हणाले. ‘‘आता गाडी आहे तर ती बेंगळुरूला आणि टोरांटोला.’’ मग जरा थांबून, ‘‘चालवून बघा. पण तिसऱ्यात दाबाल तेव्हा जपून. मला दोनदा दंड बसलाय.’’

स्कॅनर लावला, दिवे बघितले, लेबलं बघितली. गर्दीच्या रस्त्यावर मुद्दाम रांगत चालवली, गिअरबॉक्स थरथरतो का ते बघायला. डीलरच्या नसलेल्या वर्कशॉपमध्ये गाडी वर उचलून घेतली. साडेआठ लाखांना ठरलं. फॉर्म २९, फॉर्म ३०, बँकेचा बोजा उतरल्याचा कागद, चौदा दिवसांच्या आत इन्शुरन्स नावावर. काकांचा नो क्लेम बोनस काकांकडेच राहिला, तो गाडीबरोबर येत नाही.

*

एक गोष्ट मात्र मी मोजली नव्हती. म्हणजे मोजली होती, पण तिचा अर्थ लावला नव्हता. दोन चाइल्ड सीटच्या मध्ये एकोणचाळीस सेंटिमीटर उरतात. खाली बोगद्यासारखा उंचवटा आहे. पुढे आई. चालवायला एक जण. म्हणजे पाचव्या माणसाला त्या एकोणचाळीस सेंटिमीटरमध्ये बसायचंय.

नोव्हेंबरात साताऱ्याला गेलो. जाताना मी चालवली. खंबाटकीच्या घाटात प्रत्येक वळणावर मी मनातल्या मनात गल्लीतले डॉक्टर होतो. बायको मागे, दोन्ही सीटच्या मध्ये, पाय उंचवट्यावर घेऊन. साताऱ्यात उतरल्यावर तिनं पाठ चोळली आणि हात पुढे केला. ‘‘येताना किल्ली माझी.’’

ती अठराव्या वर्षी वडिलांच्या जीपवर घाटात शिकली आहे. आमच्या लग्नाला चार वर्षं झाली. एवढ्या काळात आम्ही दोघं गाडीत असताना ती चालवतेय असं किती वेळा झालं, हे मी येताना आठवायचा प्रयत्न केला. एकदाही आठवलं नाही. हे कधी ठरलं होतं? कुणी ठरवलं होतं?

शिरवळच्या पुढे एक संथ ट्रक आला. तिनं आरसा बघितला, इंडिकेटर दिला आणि दाबलं. सीटनं मला मागे ढकललं. धाकटा खुदकन हसला. आईनं हँडल धरलं आणि म्हणाली, ‘‘अगं बाई.’’

‘‘हिला दम आहे रे,’’ बायको म्हणाली. तिचा चेहरा मला दिसत नव्हता, पण आवाजावरून ओळखलं.

कात्रजचा बोगदा आला. बोगद्यातून बाहेर पडल्याबरोबर तिनं वेग उतरवला. साठ, मग पंचावन्न. डावी लेन. मागून कुणीतरी हॉर्न देत होतं, एक एसयूव्ही दिवे मारून उजवीकडून गेली. मी बेल्टच्या आत अवघडून बसलो होतो, माझ्या उजव्या दंडाला लेकीचं डोकं टेकलेलं. ती झोपली होती. एवढ्या जवळून, एवढा वेळ मी तिच्याकडे खूप दिवसांत बघितलं नव्हतं. गाडीत मला ती नेहमी आरशातच दिसते. डाव्या भुवईच्या मधोमध एक बारीक पांढरी रेघ आहे, तिथे केस उगवत नाहीत.

‘‘तेव्हा मी खूप जोरात होतो,’’ मी म्हणालो. आईनं ऐकलं. तिला मी टेम्पोवाल्याचीच गोष्ट सांगितली होती.

आई काही बोलली नाही. बायकोनं आरशातून एकदा माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा रस्त्याकडे. उतार संपेपर्यंत गाडी पंचावन्नवर होती.